पितळी दांड्याची गाडी

नागपूरच्या इंदोरा वस्तीतला देवराव मेश्राम जन्मभर दुसऱ्यांच्या मोटारी चमकवत आला. तो ड्रायव्हर नव्हता, मेकॅनिकही नव्हता. तो पॉलिशवाला. आता मोटार धुणारे काय, गल्लोगल्ली छप्पन सापडतात. बादली अन् फडकं हातात आलं की झाला धुणारा. देवरावचं तसं नव्हतं. त्याचा हात फिरलेल्या फियाटच्या बॉनेटवर चिमणी बसली तर घसरून खाली पडेल, असं सदर भागातल्या वर्कशॉपातले लोक त्याला चिडवत. चिडवत खरे, पण साहेबाची गाडी आली की हाक त्यालाच मारत.

त्याच्या कामाची एक खूण होती. धुणं, घासणं, मेण लावणं सगळं झालं की शेवटचा हात तो जुन्या लुगड्याच्या कापडानं मारायचा. नवं कापड कितीही भारी असो, रंगावर बारीक ओरखडे उठवतं. वर्षानुवर्षं अंगावर वापरून, धुऊन, वाळवून जे मऊसूत झालेलं असतं तेच कापड चालतं. असं कापड त्याला घरचंच मिळे. बायजाबाईचं लुगडं जीर्ण झालं की ती ते स्वतः फाडून, चौकोनी तुकडे करून, काठ वेगळे काढून त्याच्या पिशवीत भरून द्यायची.

"माह्या लुगड्यानं साऱ्या नागपूरच्या मोटारी पुसल्या तू," ती म्हणायची, "अन् मले एक डाव मोटारीत बसव म्हणते त तोंड लपवतो!"

"बसवतो वं. आपली घेतो अन् मंग बसवतो."

"माही बर्डी पाहाची राहिली हाय ना! पायी पाहिली, शिटी बसमध्ये उभी राहून लोकाच्या काखेतून पाहिली. मले मोटारीच्या खिडकीतून पाहाची हाय, बसल्या बसल्या."

आता हे काही चंद्र मागणं नव्हतं. वर्कशॉपात पॉलिश झालेली गाडी फाटकाबाहेर एक चक्कर मारून आणायचं काम पुष्कळदा देवरावकडेच यायचं. लायसन होतं त्याच्याजवळ. मनात आणलं असतं तर एखाद्या दुपारी बायकोला शेजारी बसवून बर्डीच्या बाजारातून फिरवून आणली असती, कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण दुसऱ्याच्या मोटारीत आपली बायको बसवणं त्याला चोरी वाटे. असला ताठा! मूल नव्हतं, बाळ नव्हतं, घरात दोघंच. अन् त्या एकीची एक हौस याच्या ताठ्यापायी राहून गेली.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी बायजाबाईला ताप भरला, मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं, अन् ती तिथून चालत काही आली नाही. मेडिकल एका टोकाला, इंदोरा दुसऱ्या टोकाला. खांद्यावर एवढ्या लांब कसं आणणार? कोणीतरी एका धर्मादाय संस्थेची मुर्दागाडी बोलावली. पांढरी, लांबोडी व्हॅन. दोन्ही बाजूंनी खिडक्यांखाली हार बांधायला पितळेचा दांडा. मागे बायजाबाई आडवी, तिच्या उशाशी देवराव. अन् ती गाडी निघाली ती मेडिकलवरून सरळ बर्डीवरून.

बघा आता. बर्डी आली. दोन्हीकडे दुकानं, कापडाचे ठेले, माणसंच माणसं, अन् बायजाबाई मोटारीत. देवराव रडला नाही. खिडकीच्या कडीजवळ रंगाला गंजाचा एक फोड आला होता, त्याच्यावर त्याचा अंगठा आपोआप फिरत होता. घासत होता, घासत होता. इंदोरा येईपर्यंत तेवढी जागा साफ होऊन खालचा पत्रा दिसायला लागला. गाडीतून उतरताना त्याला ते कळलं अन् स्वतःची इतकी लाज वाटली म्हणता! बायको मरून पडली अन् हा माणूस गाडीचा पत्रा घासत बसला.

ती गेल्यावर घर मोठं झालं. एका खोलीचं घर, पण मोठं झालं. शेजारची इंदूबाई सुरुवातीला भाजी आणून द्यायची, मग तिचेही दिवस तिला पुरेनासे झाले. देवराव स्वयंपाक करायचा, ताट वाढून घ्यायचा, अन् "मीठ कमी पडलं गा" असं म्हणणारं कोणी नाही म्हणून तसंच गिळायचा. त्याला एकटं वाटायचं. दुसरा शब्द नाही त्याला. वर्कशॉपात तरी दिवस जायचा. तेही पुढच्या वर्षी बंद झालं. मालक वारले, पोरांनी जागा विकली. हातात थोडाफार पैसा पडला, अन् देवराव सायकलला बादली लटकवून धरमपेठेतल्या, रामदासपेठेतल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या बंगल्यांवर जायला लागला.

ही सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. काम मिळायचं, पण उन्हाळा आला की घोडं अडायचं पाण्यावर. नागपूरचा मे महिना! नळाला करंगळीएवढी धार, घरातल्या बाईला माठ भरून ठेवायची पंचाईत, तिथं मोटार धुवायला पाणी कोण देतो? "देवराव, पावसाळ्यात ये" असं म्हणत. पॉलिशवाल्यानं पावसाळ्यात येऊन काय पावसाला पॉलिश करायचं? तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की आपलं पाणी आपणच न्यावं. पाणी, सावलीला ताडपत्री, मेण-पॉलिशचे सगळे डबे, सगळं एका गाडीत घालावं अन् फाटकाशी उभं राहावं. कोणाकडे कपभर पाणीसुद्धा मागायचं नाही.

कामठी रोडवर भैय्याजी डोंगरेचं वेल्डिंगचं दुकान होतं. भैय्याजी म्हणजे देवरावचा वर्कशॉपातला जुना जोडीदार. तोंडानं फाटका, मनानं सरळ. देवरावनं त्याला सांगितलं तसा तो हसत सुटला.

"पाण्याची गाडी घेतो? अबे, लोक दुधाची गाडी काढतात, तू पाण्याची काढ!"

पण दुसऱ्या दिवशी तोच देवरावला घेऊन गाड्या बघायला निघाला. आधी पाहिली हातगाडी. "हे ढकलत धरमपेठेत जाशीन त पोहोचेपर्यंत तुलेच पॉलिश लागन," भैय्याजी म्हणाला. मग तीन चाकांचा टेम्पो पाहिला. तो चालू केला तर असा खोकला की मालकच त्याच्या पाठीवर थाप मारायला धावतो की काय असं वाटलं. पाण्याचं वजन घेऊन वळणावर तो आडवा झाला असता. कामठीच्या छावणीतून निघालेली एक मिलिटरी जीप होती. दणकट, पण बसका टप, अन् मागे टाकी ठेवली की डब्यांना जागा नाही. देवराव प्रत्येक गाडीभोवती फिरायचा, पत्र्यावर बोटाची गाठ वाजवून आवाज ऐकायचा, अन् मान हलवायचा.

"तुले गाडी घ्याची हाय का सून आणाची हाय?" भैय्याजी वैतागला.

दोघं दुकानावर परत आले तेव्हा उन्हं कलली होती. दुकानामागच्या आवारात, बाभळीखाली, एक पांढरी व्हॅन उभी होती. संस्थेनं नवी गाडी घेतली होती अन् ही जुनी भंगारात काढली होती. भैय्याजी ती तोडून पत्रा विकणार होता. देवराव तिच्याकडे चालत गेला. खिडकीतून आत वाकला. कडीजवळ, नाण्याएवढ्या जागेवर, रंग नव्हता.

त्यानं त्या जागेवर अंगठा ठेवला. बरोब्बर बसला.

"भैय्याजी," तो म्हणाला, "मले हे गाडी पाहिजेन."

"हे? अरे बाप्पा! हे मुर्दागाडी होय ना गा!"

"मले माहीत हाय. बायजा याच गाडीत आली होती."

भैय्याजीनं पुढं जाऊन बॉनेट उचललं. तो म्हणाला, "इंजन चांगलं हाय तिचं. कधी जोरात चालवलीच नाही ना कोणी."

आता कोणी म्हणेल, या माणसाला लोकांच्या मनाचं भान कसं नव्हतं? नव्हतं, अन् त्याला कारण होतं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देवराव पंचविशीतला तरणाबांड. घरातले देव बापानं आपल्या हातानं पाण्यात सोडले, अन् त्याच्यासोबत शकुन, अपशकुन, अमावास्या, मांजर आडवं जाणं, सगळंच वाहून गेलं. त्या घरात गेली वीस-बावीस वर्षं हा विषयच नव्हता. माणूस मेला की मेला. त्याला आणणारी गाडी म्हणजे गाडी. जी गोष्ट आपल्या मनातून इतकी पार पुसली गेली ती दुसऱ्याच्या मनात अजून ठाण मांडून असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

मग काय, गाडी बांधायला घेतली. मागची तिरडी सरकवायची लोखंडी पट्टी काढली. त्या जागी पाण्याची टाकी. पहिल्यांदा नुसतीच टाकी ठेवून रस्त्यावर नेली तर ब्रेक मारल्याबरोबर सगळं पाणी पुढे धावलं, झाकण उडालं, अन् देवराव मानेपासून कमरेपर्यंत चिंब. भैय्याजी रस्त्यावर बसून हसला. मग त्यानं टाकीत आडवे पत्रे बसवले, त्यांना भोकं ठेवली, म्हणजे पाणी सरकेल पण धावणार नाही. टाकी उंचावर, म्हणजे नळी सोडली की आपोआप धार. बाजूला फळ्या, फळ्यांना पुढून काठ, डबे पडू नयेत म्हणून. वर दोरी, फडकी वाळवायला. टपावर गुंडाळलेली ताडपत्री. दोन बांबू लावले की मोटारीवर सावली, कारण उन्हात मेण लावलं तर ते पुसायच्या आत वाळतं अन् डाग धरतं. बसून चाकं घासायला एक बुटका स्टूल. रंग निळा दिला. देवरावनं स्वतः दिला, हातावर हात चढवत, अन् मध्ये कोणाला गाडीजवळ श्वाससुद्धा घेऊ दिला नाही. खिडकीच्या कडीजवळची ती नाण्याएवढी जागा मात्र त्यानं तशीच सोडली.

भैय्याजीशी दोन गोष्टींवरून खटका उडाला. पहिली गोष्ट पुढची सीट.

"ते ड्रायव्हरच्या बाजूची सीट काढून टाक," भैय्याजी म्हणाला. "तिथं अजून एक पिंप बसते. तुह्यासंगं कोण बसणार हाय?"

"ते राहू दे."

"काहून?"

"राहू दे म्हटलं ना."

बायजाबाईची सगळी लुगडी एव्हाना साहेबांच्या मोटारींवर झिजून संपली होती. एकच उरलं होतं, हिरव्या काठाचं, पेटीच्या तळाशी. देवरावनं ते फाडलं नाही. घडी करून त्या सीटवर अंथरलं.

दुसरी गोष्ट तो पितळी दांडा. भैय्याजी म्हणाला कापून टाकू, देवराव म्हणाला वेडा आहेस काय. असलं पितळ आता मिळतं कुठं? वर्षानुवर्षं हारांच्या पाण्यानं काळं पडलं होतं ते. देवरावनं ते चिंच लावून, राख लावून, मग पॉलिश लावून असं घासलं की दोन्ही बाजूंनी सोन्याची पट्टी मारल्यासारखं झळकायला लागलं. पॉलिशवाल्याचा हात, चमकू शकणारी वस्तू त्याच्यानं कापवेल कशी? पेंटरकडून बाजूला लिहून घेतलं: 'मोटार पॉलिश, घरपोच. पाणी आमचे.'

पहिले काही आठवडे झकास गेले. धरमपेठेत महादेवराव वकिलांकडे त्याचं जुनं येणं-जाणं. बंगल्यासमोर निळी गाडी लागली, ताडपत्री ताणली, नळीतून धार सुटली, अन् आजूबाजूच्या फाटकांतून लोक बघायला आले. "वा देवराव! दुकानच घेऊन आलास की!" तिथल्या तिथं शेजारच्या दोन गाड्यांचं काम मिळालं. परत येताना देवराव गाडी बर्डीवरून काढायचा. शेजारच्या सीटकडे बघायचा नाही, पण हळू चालवायचा.

अन् मग एक दिवस वकिलांची आई, रुखमाबाई, व्हरांड्यातून खाली उतरली. म्हातारी आजारी असायची, बाहेर क्वचित यायची. फाटकापर्यंत आली, निळ्या गाडीकडे बघितलं, झळझळीत दांड्याकडे बघितलं, अन् "अगं बाई गं!" म्हणून तिथंच खाली बसली.

आरडाओरडा झाला. सून धावली, वकील धावले. म्हातारीनं बोट दाखवलं. दीड-दोन वर्षांपूर्वी वकिलांचे वडील याच गाडीतून गेले होते. वकिलांनी दांडा पाहिला अन् त्यांचा चेहरा पडला.

"देवराव, ही... ही तीच गाडी आहे का रे?"

"हो जी," देवराव म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. "धुऊन, रंगवून..."

"अरे, काही अक्कल? घरासमोर आणून उभी केलीस? काढ. आधी काढ इथून. लांब ने."

लांब ने. वकील काही वाईट माणूस नव्हते, जातीचं त्यांच्या मनातही नसेल. आई भोवळ येऊन बसली म्हणून तोंडातून निघालं. पण देवरावनं लहानपणी गावी हे शब्द ऐकले होते, अन् छातीला काय कळतं कोणता 'लांब' कशापायी आहे? त्यानं ताडपत्री ओढली, नळी गुंडाळली, डबे कसेबसे आत टाकले अन् गाडी काढली. स्टूल तिथंच राहिला.

असली बातमी पसरायला काय लागतं? आठवड्यात धरमपेठ, रामदासपेठ सगळीकडे झालं. एकाकडे भाच्याचं लग्न होतं, एकाच्या सुनेला दिवस गेले होते, एकानं तर चक्क मोटार विकतो आहे म्हणून सांगितलं, अन् मोटार त्याच्या पाठीमागेच उभी. तोंडावर कोणी बोललं नाही. तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं. देवराव फाटकाफाटकाशी जाऊन परत यायचा, अन् टाकीतलं पाणी संध्याकाळी इंदूबाईनं खोकल्याच्या काढ्यासाठी लावलेल्या तुळशींना घालून टाकायचा.

भैय्याजी चिडला. "सांगत होतो मी, दांडा काप! पण तुह्या डोक्यात सोनं शिरलं होतं." मग त्यानंच तोड काढली. कामठीचा एक सूतवाला होता, पॉवरलूमला सुताचे गठ्ठे पोहोचवायचा. त्याला बंद गाडी पाहिजे होती अन् त्याच्याजवळ चार चाकांचा धडधाकट टेम्पो होता. अदलाबदल करायला तयार. त्याची अट एकच: दांडा कापलेला असावा, अन् पुढची सीट काढलेली. "सोमवारी येऊन राहिला तो. टाकी टेम्पोत मी बसवून देतो. पोट भरन तुह्यं. ऐक माह्यं, देवराव. मेलेल्या माणसासाठी जिता माणूस उपाशी मरते का?"

भैय्याजीचं खरं होतं. एका बाजूला पोट, दुसऱ्या बाजूला एक रिकामी सीट. कोणालाही विचारा, काय सांगेल? सोमवारी गाडी द्यायची, असं त्यानं ठरवलं.

नवीन टेम्पोत स्टूल लागेलच म्हणून शनिवारी दुपारी तो आणायला धरमपेठेत गेला. गाडी मुद्दाम लांब, वळणापलीकडे लावली अन् चालत फाटकाशी आला. घरात कोणी दिसत नव्हतं. व्हरांड्यात रुखमाबाई एकटीच आरामखुर्चीत. देवराव फाटकाबाहेरूनच म्हणाला, "माहा स्टूल राहिला होता, आई. तेवढा घेतो अन् जातो."

"गाडी कुठं आहे?"

"लांब लावली जी. वळणाच्या तिकडं."

म्हातारी उठली. चपला घातल्या. देवराव "कायले उठता" म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर आली अन् भिंतीला धरत धरत वळणाकडे चालायला लागली. देवराव स्टूल घेऊन मागे. त्याला वाटलं आता ही शिव्या देणार. गाडीजवळ आल्यावर तिनं दोन्ही हातांनी तो दांडा धरला. घट्ट.

"हे गेले त्या दिवशी मी इथंच धरला होता," ती म्हणाली. "बायांनी फाटकापर्यंतच यायचं म्हणतात ना. गाडी सुरू झाली तरी मला सोडवेना. मग महादेवनं माझी बोटं सोडवली. एकेक करून. तो माझा मुलगा, चांगला आहे, पण त्यानं बोटं सोडवली." तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मागं तुम्ही आलात तेव्हा दांडा दिसला अन् मला भरून आलं. त्यांना वाटलं मी घाबरले. सुनेसमोर काय सांगू, मला त्यात बसायचंय म्हणून?"

देवरावनं हातातला स्टूल खाली ठेवला.

"अंबाझरीच्या दहनघाटापर्यंत न्याल मला? मला तिथपर्यंत येऊच दिलं नाही कोणी."

देवरावनं पुढचं दार उघडलं. म्हातारी आत वाकली, अन् सीटवरच्या हिरव्या काठाच्या घडीकडे पाहून थांबली.

"इथं कोण बसतं?"

"कोणी नाही," देवराव म्हणाला. मग म्हणाला, "बायको. तिले बर्डी पाहाची होती मोटारीतून. जितेपणी नाही दाखवली मी."

"मग मी मागंच बरी," रुखमाबाई म्हणाली. "माझं माणूस मागं होतं."

तिला त्यानं मागे, टाकीच्या बाजूला, त्या स्टूलवर बसवलं. ती दोरीवरच्या फडक्यांखाली, डब्यांच्या मधे, आतून खिडकीची चौकट धरून बसली. घाट काही फार लांब नव्हता. देवरावनं गाडी अशी चालवली की टाकीतलं पाणीही वाजलं नाही. घाटाच्या दाराशी थांबवली. म्हातारी उतरली नाही. खिडकीतून बराच वेळ बघत बसली, काहीतरी पुटपुटली, अन् म्हणाली, "चला."

परत वळणावर सोडताना ती म्हणाली, "माझ्या घरी तुम्हाला आता बोलावणार नाहीत, देवरावभाऊ. माझं काही चालत नाही तिथं. पण हा दांडा कापू नका." अन् भिंतीला धरत धरत गेली.

सोमवारी सूतवाला टेम्पो घेऊन आला तेव्हा भैय्याजी कापायचं यंत्र पेटवून तयारच होता. देवराव दांड्यासमोर उभा राहिला.

"दांडा नाही कापाचा. सीट नाही काढाची. गाडी नाही द्याची."

"अन् खाशीन काय? पितळ?"

"कोराडीले जातो."

कोराडीला तेव्हा वीजघर नवं नवं उभं राहिलं होतं. साहेबांच्या, कामगारांच्या कॉलन्या झाल्या होत्या, अन् चिमण्यांतून रात्रंदिवस राख पडायची. अंगणात राख, वाळत घातलेल्या धोतरावर राख, सकाळी धुतलेल्या मोटारीवर दुपारी बोटानं नाव लिहून घ्या. पहिल्या दिवशी देवराव कॉलनीत उभा राहिला अन् कोणी विचारायच्या आधीच मोठ्यानं सांगितलं, "हे मुर्दागाडी होती. ज्याले चालत असन त्यानं धुऊन घ्या." लोक एकमेकांकडे पाहायला लागले. एक जाडजूड फोरमन पुढे आला. "टाकीत पाणी आहे ना? मग धू बाबा. इथं रोज सगळ्यांवर राख पडते, तुझ्या गाडीनं अजून काय पडणार आहे?" लोक हसले. काहीजण मागल्या मागे निघूनही गेले. पण उरले तेवढे देवरावला पुरले. फियाट थोड्या, स्कूटरीच जास्त. धरमपेठेतला मान तिथं नव्हता. शेवटचा हात मारायला आता तो कॉलनीतल्या बायांकडून जुनं कापड मागून घ्यायचा.

वर्षभरानं असेल, भैय्याजीला एक गोष्ट खटकली. इंदोऱ्यातून कोराडीचा रस्ता निघतो उत्तरेला. अन् देवरावची निळी गाडी रोज सकाळी निघायची दक्षिणेला. एका सकाळी भैय्याजीनं ती रस्त्यात हात करून थांबवली.

"काहून गा, कोराडी तिकडं अन् तू उलटा कुठं जाऊन राहिला? पेट्रोल काय फुकट येते?"

"बर्डीवरून जातो."

"रोज?"

"रोज."

"कायले?"

देवरावनं स्टिअरिंगवरचा हात उचलला अन् पुन्हा ठेवला. "बायजाले बर्डी पाहाची असते," तो म्हणाला.

भैय्याजीच्या तोंडावर शिवी आली होती, ती तो गिळून बसला. "मले बी काम हाय बर्डीवर," तो म्हणाला. काम-बिम काही नव्हतं. तो गाडीला वळसा घालून पुढच्या दाराशी आला, कडीला हात लावला, अन् काचेतून हिरवे काठ दिसले तसा हात मागे घेतला. मागे जाऊन टाकीजवळच्या स्टूलवर बसला.

गाडी निघाली. बर्डी आली. दुकानं उघडत होती, झाडलोट चालली होती, हारवाले पाणी शिंपडत होते. देवरावनं गाडी पार हळू केली. भैय्याजीला मागून त्याची नुसती पाठ दिसत होती, अन् पाण्याच्या खळखळीतून त्याचा आवाज ऐकू येत होता.

"ते पाह्य वं बायजे," देवराव सांगत होता, "ते कोपऱ्यावरचं बांगडीवाल्याचं दुकान. आज नवा रंग देल्ला त्यानं."